नंबर लागेपर्यंत

सातारा जिल्ह्याच्या इतिहासावर बोलावयास कोणी उभे राहिले की श्रोते मनाशी काही नावे धरून बसलेले असतात. थोरल्या शाहू महाराजांची राजधानी, प्रतापसिंह महाराजांची काशीस झालेली रवानगी, क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार. सांगलीकडे वळावे तर पटवर्धनांची संस्थाने आणि १९४३ साली वसंतदादांनी फोडलेला तुरुंग. हे विषय मोठे आहेत, आणि ते सांगणारी माणसेही मोठी होऊन गेली. आम्ही आज ज्या विषयाला हात घालीत आहोत त्याला बखर नाही की पोवाडा नाही. ज्याच्या छातीत दुखणे बसले, फुप्फुसात म्हणा की हृदयात म्हणा, आणि शस्त्रक्रियेवाचून ज्याला गत्यंतर उरले नाही, त्या माणसाने या मुलखात किती वाट पाहिली, कोठे बसून पाहिली, आणि ते वाट पाहणे कशाने कमी झाले, एवढेच आम्हांला पाहावयाचे आहे.

दोन जिल्हे एकत्र घेण्याचे कारण सरळ आहे. १ ऑगस्ट १९४९ पर्यंत सांगली नावाचा जिल्हाच नव्हता. संस्थाने विलीन झाल्यावर सातारा जिल्ह्याचे दोन भाग पडले आणि खालच्या भागाला दक्षिण सातारा हे नाव मिळाले. सांगली हे नाव त्याला १९६० साली लाभले. नकाशावर रेघ पडली, पण दुखणेकऱ्याची वाट बदलली नाही. कृष्णेच्या काठाने खाली जावे तर मिरज, आणि घाट उतरून वर जावे तर पुणे-मुंबई, हीच दोन तोंडे त्याला आधीही होती व नंतरही राहिली.

आता वाट पाहण्याचा इतिहास लिहावयाचा तर पहिली अडचण अशी की तिची नोंद कोठे सापडावयाची? इंग्लंडात हे काम सोपे आहे. तेथे ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. प्रत्येक नागरिकाला फुकट उपचाराचा हक्क मिळाला आणि त्याबरोबरच शस्त्रक्रियेसाठी थांबलेल्यांच्या याद्याही आल्या. त्या याद्यांवरून तेथे पार्लमेंटात वाद झाले, आणि २००८ सालापर्यंत अठरा आठवड्यांच्या आत उपचार सुरू झाला पाहिजे असे तेथील सरकारने स्वतःवर बंधन घालून घेतले. ते पाळले गेले की मोडले गेले हा प्रश्न वेगळा. पण मोडले तर मोडले असे म्हणता येते, कारण आकडा लिहिलेला आहे. आपल्याकडे रांग लागण्यासाठी आधी खिडकी असावी लागते, आणि पुष्कळ काळ खिडकीच नव्हती. साताऱ्याच्या डोंगरी भागात धाप लागून बसलेली बाई कोणत्याच यादीत नव्हती. तिचा नंबर मागे होता असे नव्हे. तिला नंबरच नव्हता.

पहिली खिडकी उघडली ती मिरजेस. विल्यम वानलेस नावाचा कॅनडात जन्मलेला तरुण डॉक्टर १८८९ साली अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे इकडे आला. प्रथम त्याने सांगलीस दवाखाना चालविला, पुढे तो मिरजेस गेला, आणि १८९४ साली तेथे मिशनचे इस्पितळ उभे राहिले. मिरज हे रेल्वेचे जंक्शन होते. कोल्हापूरची गाडी, पुण्याची गाडी, खाली बेळगाव-हुबळीकडची गाडी, सगळ्या तेथे मिळत. त्यामुळे मोतीबिंदूवाले, मूतखडेवाले, पोटातल्या गाठीवाले लोक कर्नाटकातून आणि कोकणातून तेथे येऊ लागले. वानलेसला १९२८ साली सर ही पदवी मिळाली आणि तो निवृत्त होऊन परत गेला. त्याच्या धर्मप्रचाराविषयी कोणाचे काही मत असो, एक गोष्ट मान्य केली पाहिजे की पोट फाडून माणूस जिवंत घरी येतो, हा विश्वास या मुलखाला त्याने दिला. छाती फाडण्याची गोष्ट मात्र अजून दूर होती.

छातीचे दुखणे म्हणजे त्या काळी क्षय. हा रोग आमच्या गावांत मुंबईच्या गाडीने येई असे म्हटले तर फार चूक होणार नाही. साताऱ्याची हजारो माणसे गिरणगावात साच्यावर उभी होती. एका खोलीत दहा-पंधरा जण, पाळीपाळीने झोपणारे. त्यांतला कोणी खोकू लागला, थुंकीत रक्त दिसले, की त्याला गावी पाठवीत. गावी हवा चांगली, दूध मिळेल, हा विचार. मग तो परड्यातल्या वेगळ्या खोपटात पडून राही. खेड्यातला गरीबच तेवढा यात सापडला असे नाही. कऱ्हाडच्या यशवंतराव चव्हाणांचे थोरले बंधू गणपतरावही क्षयानेच गेले.

या रोग्यांसाठी दोन्ही जिल्ह्यांत दोन जागा प्रसिद्ध होत्या. पाचगणीस डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली बेल एअर हे आरोग्यधाम काढले. आणि सांगली-मिरज रस्त्यावर वानलेसच्या नावाने क्षयाचे सॅनिटोरियम पहिल्या महायुद्धानंतर उभे राहिले. त्याभोवतीच्या वस्तीलाच वानलेसवाडी म्हणतात. आज ती सांगली-मिरज महापालिकेत इतकी मिसळून गेली आहे की नावामागचे कारण तेथे राहणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. गावाबाहेर, मोकळ्या हवेत अशी जागा निवडावयाची, हा त्या वेळचा शास्त्रार्थ होता. औषध नव्हतेच. उघड्या व्हरांड्यात पडून राहावयाचे, अंडी-दूध घ्यावयाचे, वजन करावयाचे. त्याहून पुढची पायरी म्हणजे रोगी फुप्फुसाला विश्रांती देण्यासाठी बरगड्यांच्या आत सुईने हवा भरणे. ही हवा शरीरात जिरून जाई, म्हणून ती ठरावीक दिवसांनी पुन्हा भरून घ्यावी लागे, आणि हे दोन-तीन वर्षे चाले. तेही न साधले तर फासळ्या काढीत. एका बाजूच्या सात-आठ फासळ्या, एका वेळी नव्हे, दोन किंवा तीन खेपांत; मध्ये काही आठवड्यांचा विसावा. म्हणजे शस्त्रक्रिया झाल्यावरसुद्धा पुढच्या शस्त्रक्रियेची वाट पाहणे होतेच. माणूस वाचे, पण खांदा एका बाजूला उतरलेला राही.

आणि खाटा किती? भोर समितीने १९४६ साली सबंध हिंदुस्थानचा हिशेब दिला. क्षयाने दरसाल मरणारे सुमारे ५ लक्ष, रोगाने पछाडलेले सुमारे २५ लक्ष, आणि खाटा सुमारे ६ हजार. एका खाटेमागे वर्षाला ऐंशीच्या वर मृत्यू! या आकड्यांपुढे रांग हा शब्दच निरर्थक होतो. खाट रिकामी होण्यास महिनोन् महिने लागत, आणि ज्याला कळविले की खाट मिळाली आहे, तो पत्र पोहोचेपर्यंत राहिलेला असेलच याची खात्री नसे.

ही रांग कशी संपली? येथे इतिहासाने मोठी चमत्कारिक गोष्ट केली आहे. खाटा वाढवून ती संपली नाही. स्ट्रेप्टोमायसीन आले, १९५२ साली आयसोनियाझिड आले, आणि १९५६ साली मद्रासला एक संशोधन केंद्र स्थापन झाले. तेथील डॉक्टरांनी शहरातील गरीब वस्तीतले १९३ रोगी घेतले. निम्म्यांना सॅनिटोरियमात ठेवले, निम्म्यांना त्यांच्या दाटीवाटीच्या घरी. औषध दोघांनाही तेच, वर्षभर. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सॅनिटोरियमातल्यांनी चांगले खाल्ले, विश्रांती घेतली, त्यांचे वजन अधिक वाढले. घरच्यांनी मिळेल ते खाल्ले आणि जमेल तसे कामही केले. आणि बरे होण्यात दोघांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. घरच्या माणसांना लागण अधिक झाली असेही आढळले नाही. पन्नास वर्षे जगभर बांधलेल्या व्हरांड्यांचा पाया या एका प्रयोगाने काढून घेतला. १९६२ साली राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला तो याच आधारावर. रोगी खाटेकडे जाण्याऐवजी गोळी रोग्याकडे आली. क्षय गेला नाही, गोळ्या अर्ध्यावर सोडणारे आजही आहेत, आणि ज्यांचे फुप्फुस कुजून गेले वा छातीत पू साठला त्यांना शस्त्रक्रिया अजूनही लागते. पण वानलेसवाडीची खाट मिळेल का, या चिंतेत घरेच्या घरे वर्ष काढीत, ते दिवस संपले.

हृदयाचे दुखणे मात्र असे घरी पोहोचणाऱ्या गोळीने आवरणारे नव्हते. निदान ते एकदा जडल्यावर नव्हते.

येथे थोडे वैद्यक सांगणे भाग आहे. आपल्याकडे तरुण वयात हृदय बिघडते त्याचे एक मोठे कारण घशात असते. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा दुखतो, ताप येतो, जातो. दोन-तीन आठवड्यांनी गुडघे, घोटे सुजतात. आज हा सांधा, उद्या तो. घरचे लेप लावतात, सूज उतरते, आणि मूल खेळू लागते. सांध्यांवर खूण राहत नाही. हृदयाच्या झडपेवर राहते. डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमध्ये जी झडप असते तिचे तोंड निरोगी माणसात चार ते सहा चौरस सेंटिमीटर असते. या तापाने तिच्या कडा एकमेकींना चिकटत जातात, आणि दहा-वीस वर्षांत ते तोंड दीड चौरस सेंटिमीटरच्या खाली येते. मग रक्त फुप्फुसात तुंबते. मुलीच्या बाबतीत हे बहुधा पहिल्या किंवा दुसऱ्या बाळंतपणात उघडकीस येते, कारण गरोदरपणी रक्ताचे प्रमाण वाढते आणि अरुंद तोंडातून ते जाईना होते. सासरी म्हणतात, पोर नाजूक आहे, विहिरीवरून घागर आणताना दोनदा टेकते. तिला दम लागतो याचा अर्थ लावावयासच वर्षे जातात. आम्ही ज्याला वाट पाहणे म्हणतो त्याचा सर्वांत लांब तुकडा हा आहे, आणि तो कोणत्याही इस्पितळाच्या वहीत नाही.

डॉक्टरांनीही वाट पाहावयास लावले, हे सांगितले पाहिजे. लंडनच्या हेन्री सौटर या शस्त्रवैद्याने १९२५ साली एका मुलीच्या हृदयात बोट घालून अशी चिकटलेली झडप मोकळी केली. मुलगी जगली. पण फिजिशियन मंडळींचे मत असे होते की दोष झडपेत नसून हृदयाच्या स्नायूत आहे; त्यांनी सौटरकडे दुसरा रोगीच पाठविला नाही. तेवीस वर्षे गेली. १९४८ साली अमेरिकेत बेली आणि हार्केन यांनी एकाच महिन्यात, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, हीच गोष्ट यशस्वी केली, आणि मग ती जगभर सुरू झाली. तेवीस वर्षांत किती जीव गेले असतील! यंत्र नव्हते म्हणून ते गेले नाहीत. चाकू होता, बोट होते, विश्वास नव्हता. हृदय थांबवून, उघडून काम करण्याचे यंत्र तर गिबनने १९५३ साली प्रथम यशस्वीपणे वापरले. आपल्या देशात बोटाने झडप मोकळी करण्याची शस्त्रक्रिया पुष्कळ वर्षे अधिक उपयोगी पडली, कारण तिला ते महाग यंत्र लागत नसे.

ती करून घेण्यास आमच्याकडचा माणूस जाई परळला. के. ई. एम. रुग्णालय तेथे १९२६ साली उघडले, आणि प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयशस्त्रक्रियेत त्याचे नाव केले. बार्नार्डने ३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाऊनला माणसाचे हृदय बदलले. त्या बातमीची चर्चा चालू असतानाच ११ डिसेंबरला कोयनेचा भूकंप झाला, आणि आमच्या लोकांच्या तोंडी दुसरा विषय उरला नाही. पुढे १६ फेब्रुवारी १९६८ रोजी सेन यांनी के. ई. एम.मध्ये हृदय बदलले. रोगी काही तासांतच दगावला. या प्रयोगाचे महत्त्व आम्ही कमी लेखीत नाही. परंतु सातारा-सांगलीच्या दृष्टीने त्या रुग्णालयाचे खरे काम त्या एका रात्रीचे नव्हे. चिकटलेल्या झडपा मोकळ्या करण्याचे जे काम तेथे वर्षानुवर्षे चालले, ते आहे.

परळ म्हणजे गिरणगाव, हा योगायोग आमच्या लोकांच्या फार उपयोगी पडला. पुणे-मिरज मार्ग १९७१ साली रुंदमापी होईपर्यंत पुण्यास गाडी बदलावी लागे. धाप लागणाऱ्या माणसाला वळकटीसह एका फलाटावरून दुसऱ्यावर नेणे सोपे नव्हते. पण एकदा दादर गाठले की लालबागला, काळाचौकीला, डिलाईल रोडला गावच्या माणसाची खोली होतीच. इस्पितळ सांगे, पंधरा दिवसांनी या. मग सांगे, आणखी महिन्याने या. हे पंधरा दिवस आणि महिना कोठे काढावयाचा? गावी जाऊन परत येण्यास भाडे नव्हते. ते दिवस गिरणी कामगाराच्या खोलीत, खानावळीच्या जेवणावर निघत. रक्ताच्या बाटल्या भरून द्या म्हटले की रात्रपाळी करून आलेला चुलतभाऊ दंड पुढे करी. जे. जे. रुग्णालयाजवळ गाडगे महाराजांनी १९५४ साली रुग्णांच्या नातलगांसाठी धर्मशाळा बांधली. लोकांना नुसते बरे होण्यास नव्हे तर थांबण्यासही जागा लागते, हे त्या खापर घेऊन हिंडणाऱ्या माणसाने ओळखले. आरोग्यखात्याच्या किती योजनाकारांना ते सुचले?

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढे गिरणगावच मोडले. कामगार चळवळीच्या अंगाने त्याचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. आमच्या मते त्याचे एक पान अलिखित राहिले: त्या खोल्यांबरोबर सातारा-सांगलीच्या दुखणेकऱ्याचे मुंबईतले थांबण्याचे ठिकाणही गेले. तारीख मिळत होती. तारखेपर्यंत टेकावयास जागा राहिली नाही.

याच सुमारास इकडे घराजवळ सोयी वाढत होत्या. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ सालचे, कऱ्हाडचे कृष्णा महाविद्यालय १९८४ सालचे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मिरज, सांगली, कऱ्हाड येथे हृदयाच्या शस्त्रक्रिया होऊ लागल्या. अंतर तुटले, पण पैशाचे अंतर वाढले. पूर्वी सरकारी इस्पितळात महिने मोजीत. आता खाजगी इस्पितळात रुपये मोजावे लागले, आणि ते जमेपर्यंत महिने लागतच. म्हैस विकणे, विहिरीजवळचा तुकडा गहाण टाकणे, आमदारांची चिठ्ठी, तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला, देवस्थानांच्या ट्रस्टकडे अर्ज. रांग एकच होती ती चार-पाच दारांत वाटली गेली, एवढाच फरक. २००६ साली उच्च न्यायालयाच्या आदेशाने धर्मादाय रुग्णालयांवर दहा टक्के खाटा निर्धनांसाठी व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवण्याचे बंधन आले. पण ते बंधन असते हे दुखणेकऱ्याला ठाऊक असावे लागते.

राज्य सरकारची जीवनदायी योजना १९९७ सालची. तिचे मोठे रूप राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने २ जुलै २०१२ रोजी सुरू झाले: कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार, पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड दाखवून. पहिल्या टप्प्यात आठ जिल्हे घेतले. त्यांत सोलापूर होते. सातारा नव्हते, सांगली नव्हती. या दोन जिल्ह्यांचा नंबर २१ नोव्हेंबर २०१३ रोजी लागला. मधले सोळा महिने डोळ्यांसमोर आणावेत. आटपाडी आणि सांगोला हे शेजारचे तालुके. माणदेशाची तीच जमीन, तोच दुष्काळ, बाजारही एकमेकांचे. त्यांतल्या एका बाजूच्या घरातील झडपेला नवी योजना लागू होती, दुसऱ्या बाजूच्या नव्हती. आम्ही वर म्हटले की आपल्याकडे वाट पाहण्याचा आकडा सापडत नाही. हा एक सापडतो, कारण तो सरकारच्याच दोन तारखांच्या मधला आहे.

योजनेने पुष्कळ केले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पुढे तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले आणि २०२३ साली ती सर्व रहिवाशांसाठी पाच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय झाला. २०१७ साली स्टेंटच्या किमतींवर केंद्राने मर्यादा घातली. औषध लावलेला स्टेंट २९,६०० रुपयांच्या वर विकता येईना. हृदयाच्या झटक्याने आलेल्या माणसाला आता जवळच्या शहरात तासा-दोन तासांत टेबलावर घेता येते. मात्र ज्याचे दुखणे झटक्याने येत नाही, हळूहळू वाढते, तो अजून मागेच आहे असे आम्हांला वाटते. झडपेचा रोगी आणि जन्मतः हृदयाला भोक असलेले मूल हे त्या जातीचे. मुलाच्या हृदयावर शस्त्रक्रिया करणारे हात थोडे, आणि ते बहुतेक पुण्या-मुंबईस. २०२० साली करोनाची साथ आली तेव्हा ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या. थांबू शकेल तो थांबेल, हा नियम होता. पण झडप खराब असलेला माणूस थांबू शकतो असे दिसते तेव्हाही त्याचे हृदय ताणले जात असते, आणि एका मर्यादेपलीकडे ताणलेले हृदय झडप बदलूनही पूर्ववत होत नाही.

जन्मलेल्या दर हजार मुलांत आठ-दहांच्या हृदयात काही दोष असतो. २०१३ च्या फेब्रुवारीत पालघरला राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला, तेव्हापासून अंगणवाडीत आणि शाळेत डॉक्टरांचे पथक येते आणि मुलांच्या छातीला नळी लावते. ही साधी गोष्ट आम्हांला मद्रासच्या प्रयोगाच्या तोडीची वाटते, कारण येथेही मुलाने इस्पितळ शोधीत जाण्याऐवजी इस्पितळ मुलाकडे येते. घसा दुखणाऱ्या मुलाला वेळीच दिलेले पेनिसिलीन, आणि ज्याला सांध्यांचा ताप एकदा येऊन गेला त्याला दर तीन आठवड्यांनी दिलेले तेच इंजेक्शन, झडप चिकटण्याआधीच रांग तोडते. ते इंजेक्शन स्वस्त आहे, १९५० नंतरच्या दशकापासून उपलब्ध आहे, आणि कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात देता येण्यासारखे आहे. ते वर्षानुवर्षे न चुकता देणे हेच काय ते अवघड.

पुढे कोणी या विषयाचा रीतसर इतिहास लिहिणार असेल तर त्याने इस्पितळांचे वार्षिक अहवाल जरूर चाळावेत, पण तेथे त्याला दाखल झाल्याची, शस्त्रक्रियेची आणि घरी सोडल्याची अशा तीनच तारखा मिळतील. त्याने जुने केसपेपर मागवावेत. प्रत्येकावर वरच्या बाजूला, डॉक्टरांच्या घाईच्या अक्षरात, एक ओळ असते. रोग्याला विचारून लिहिलेली: चालताना धाप, दोन वर्षांपासून, पायावर सूज, सहा महिन्यांपासून, रात्री आडवे झोपता येत नाही, दिवाळीपासून.